संत बार्बरा, कुमारी व रक्तसाक्षी : बोगदे खणणाऱ्यांची आश्रयदात्री

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या आश्रयदात्या संतांचें स्मरण व्हावें हें योग्यच आहे. जसा प्रत्येक धर्मग्रामास एक आश्रयदाता संत असतो, तसा प्रत्येक उद्योगासहि असतो. सुतार संत योसेफाकडे पाहतो. दर्यावर जाळें टाकणारा कोळी संत पेत्राचें स्मरण करून होडी लोटतो. जमिनीच्या पोटांत, जेथें सूर्याचा किरण कधीं पोहोंचत नाहीं तेथें, पहार व सुरुंग घेऊन राबणाऱ्यांचीहि अशी एक आश्रयदात्री आहे. तिचें नांव संत बार्बरा. युरोपांतील कॅथलिक देशांत आगगाडीसाठीं बोगदा खणावयास घेतला म्हणजे त्याच्या तोंडाशीं कोनाडा करून त्यांत तिची मूर्ति बसविण्याची चाल आहे. कामावर जाणारी टोळी त्या मूर्तीसमोरून आंत शिरते व पाळी संपल्यावर तिच्याच समोरून बाहेर येते. ही कुमारी कोण, आणि डोंगर फोडणाऱ्या रांगड्या पुरुषांनीं आपल्या रक्षणासाठीं मनोऱ्यांत कोंडलेल्या एका मुलीस कां निवडलें, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

तिचें चरित्र पूर्वापार सांगत आले आहेत तें असें. रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असतां आशिया मायनरमधील निकोमेदिया नगरांत दियोस्कोर नांवाचा एक धनाढ्य गृहस्थ राहत होता. तो रोमन देवतांचा कट्टर उपासक होता. बार्बरा ही त्याची एकुलती एक कन्या. ती रूपानें अत्यंत सुंदर असल्यामुळें कोणाची दृष्टि तिच्यावर पडूं नये म्हणून बापानें एक उंच मनोरा बांधून तिला त्यांत ठेविलें. तेथें तिला अन्नवस्त्राची वाण नव्हती. वाण होती ती माणसांची. त्या एकांतांत ती आकाशाकडे व चांदण्यांकडे पाहून विचार करी, आणि हें सर्व ज्यानें निर्माण केलें तो हातांनीं घडविलेल्या देवांहून वेगळा असला पाहिजे असें तिच्या मनानें घेतलें. पुढें ख्रिस्ती धर्माचें ज्ञान तिला गुप्तपणें प्राप्त झालें व तिनें बाप्तिस्मा घेतला.

दियोस्कोरानें तिच्यासाठीं एक स्नानगृह बांधावयास काढलें होतें व त्यास दोन खिडक्या ठेवाव्या अशी आज्ञा देऊन तो प्रवासास गेला. बार्बरेनें गवंड्यांस सांगून तिसरी खिडकी पाडविली. बाप परत आला तेव्हां त्यानें कारण विचारलें. तिनें निर्भयपणें सांगितलें कीं, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांच्या योगें आत्म्यास प्रकाश मिळतो, म्हणून खिडक्या तीन. हें ऐकतांच बापानें तरवार उपसली. ती पळाली. वाटेंत खडक आडवा आला, तो दुभंगला व त्यानें तिला पलीकडे डोंगरांत जाऊं दिलें. तेथें दोन मेंढपाळ होते. एकानें तिला पाहिलें नाहीं असें सांगितलें. दुसऱ्यानें बोट दाखवून तिचा ठिकाणा दिला, आणि त्याच्या मेंढ्यांचे टोळ झाले असें कथेंत आहे. दियोस्कोरानें मुलीस केसांस धरून ओढीत आणिलें व न्यायाधीश मार्सियन याच्या स्वाधीन केलें.

न्यायाधीशानें प्रथम गोड शब्दांनीं व नंतर फटक्यांनीं तिचें मन वळविण्याचा यत्न केला. रात्रीं अंधारकोठडींत प्रभूनें तिला दर्शन देऊन तिच्या जखमा बऱ्या केल्या. दुसरे दिवशीं छळ अधिक क्रूर झाला. तिला विवस्त्र करून नगरांतून फिरविण्याची आज्ञा झाली, तेव्हां तिनें प्रार्थना केली व देवदूतानें तिला शुभ्र वस्त्रानें झांकलें. तिचें धैर्य पाहून जुलियाना नांवाची दुसरी एक स्त्री पुढें आली व तिच्याबरोबर यातना भोगण्यास सिद्ध झाली. अखेरीस शिरच्छेदाची शिक्षा सुनावण्यांत आली. ती अमलांत आणण्यास मांग पाहिजे होता. तें काम बापानें स्वतः मागून घेतलें. डोंगरावर नेऊन त्यानें आपल्या हातानें आपल्या पोटच्या मुलीचें मस्तक उडविलें. मरणापूर्वीं तिनें इतकेंच मागितलें कीं, तिच्या यातनांचें जे स्मरण करतील त्यांच्यावर देवानें दया करावी. दियोस्कोर डोंगर उतरत असतां त्याच्यावर वीज कोसळली व त्याची राख झाली.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. हें चरित्र ज्या स्वरूपांत आपल्यापर्यंत आलें आहे तें घटनेनंतर कित्येक शतकांनीं लिहिलेलें आहे. तिचें गांव, राजाचें नांव व मृत्यूचें वर्ष यांबाबत निरनिराळ्या पोथ्यांत मेळ नाहीं. याच कारणास्तव १९६९ साली जेव्हां पवित्र सभेनें आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेची फेररचना केली, तेव्हां संत बार्बरेचा सण तींतून कमी करण्यांत आला. त्यामुळें ती संत राहिली नाहीं असा कित्येकांचा समज झाला. तो खरा नाहीं. रोमन रक्तसाक्षींच्या अधिकृत यादींत ४ डिसेंबर या दिवशीं तिचें नांव आजहि आहे, व तिची भक्ति करण्यास कोणतीहि मनाई नाहीं. पूर्वेकडील ख्रिस्तसभाहि तिचा सण पाळतात. कथेंतील टोळांवर व विजेवर विश्वास ठेवणें हें श्रद्धेचें कलम नव्हे. मात्र ज्या छळाच्या काळांत तिला ठेविलें आहे, त्या काळांत अनेक कुमारींनीं घरच्यांचा रोष पत्करून ख्रिस्तासाठीं प्राण दिले, यांत संशय नाहीं. त्यांतील कित्येकींचीं नांवें कोणासहि ठाऊक नाहींत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण बोगद्यांच्या इतिहासाशीं तिचा निकट संबंध आहे.

आतां खाणकऱ्यांनीं तिला कां निवडलें तें पाहूं. पहिलें कारण उघड आहे : खडकानें तिच्यासाठीं वाट दिली. ज्याचें सारें आयुष्य खडकापुढें वाट मागण्यांत जातें, त्यास ही कथा आपली वाटावी यांत नवल नाहीं. बोहेमियांतील कुटना होरा या गांवीं चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या लोकांनीं १३८८ साली तिच्या नांवाचें एक भव्य मंदिर बांधावयास घेतलें, तें आजहि उभें आहे. दुसरें कारण विजेचें. वीज व गडगडाट यांपासून रक्षण करणारी म्हणून लोक तिचा धांवा करीत; पुढें बंदुकीची दारू आली, तेव्हां तो गडगडाट माणसाच्या हातांत आला व तोफखान्यानें तिला आपली आश्रयदात्री मानिलें. फ्रेंच व स्पॅनिश जहाजांवर दारूच्या कोठारासच तिचें नांव पडलें. १६२७ साली आजच्या स्लोव्हाकियांतील बान्स्का श्त्यावनित्सा येथील खाणींत दारूनें खडक फोडण्यांत आला, आणि तेव्हांपासून खाणकरी व सुरुंगवाला हे एकच झाले.

तिसरें कारण सर्वांत खोल आहे. चित्रांत बार्बरेजवळ तीन खिडक्यांचा मनोरा असतो, तरवार असते. परंतु कित्येक चित्रांत तिच्या हातांत कालीस व पवित्र होस्ति दिसते. ती एकाएकीं येणाऱ्या मरणापासून रक्षण करणारी संत आहे, व मरणाऱ्यास शेवटचे संस्कार मिळवून देणारी म्हणून तिची ख्याति आहे. चौदा साहाय्यकर्त्या संतांत तिची गणना होते ती याच कारणानें. ज्यांच्या नांवाची शाळा मुंबईंत वांद्रें येथें १८६३ पासून चालू आहे, त्या संत स्तानिस्लाव कोस्कांच्या चरित्रांत असें सांगितलें आहे कीं, ते कुमारवयांत व्हिएन्ना येथें अत्यंत आजारी पडले असतां घरमालक धर्मगुरूस घरांत येऊं देईना. तेव्हां त्यांनीं संत बार्बरेची करुणा भाकली व तिच्याबरोबर आलेल्या देवदूतांच्या हातून त्यांस ख्रिस्तशरीर लाभलें. अंथरुणावर मरणाऱ्यास धर्मगुरु बोलावतां येतो. डोंगराच्या पोटांत छत कोसळलें तर कोण कोणास बोलावणार? पापनिवेदनास व अंत्याभ्यंगास तेथें वेळ नाहीं. ही भीति पोटांत घेऊन कामावर जाणाऱ्या माणसास बार्बरा ही केवळ कथेंतील मुलगी नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली व ही भक्ति खाणींतून बोगद्यांत आली. कारण बोगदे खणण्यास तेच हात लागले. स्वित्सर्लंडमधील गोत्थार्ड पर्वताखालून १५ किलोमीटरांचा बोगदा काढण्याचें काम १८७२ साली जिनिव्हाकडील लुई फाव्र या कंत्राटदारानें पत्करिलें. हा फाव्र सुताराचा मुलगा, स्वकष्टानें वर आलेला. काम आठ वर्षांत न झाल्यास जबर दंडाची अट त्यानें मान्य केली होती. कामावर बहुतेक इटलीचे गरीब लोक होते. आंत उष्मा असह्य, सुरुंगांचा धूर बाहेर पडण्यास मार्ग अपुरा, पायांखालीं घाण पाणी. अंकुशकृमीच्या विकारानें शेंकडों मजूर पांढरेफटक पडून खंगले. १८७५ साली गेशेनेन येथें मजुरांनीं काम थांबविलें, तेव्हां त्यांच्यावर गोळीबार होऊन चार जण मेले. फाव्रलाहि यश पाहणें लाभलें नाहीं. १९ जुलै १८७९ रोजीं बोगद्यांतच त्यास मरण आलें. पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या टोळ्या एकमेकींस मिळाल्या, तेव्हां त्या भोंकांतून पहिल्यानें फाव्रची तसबीर पलीकडे देण्यांत आली असें सांगतात. १८८२ साली मार्ग खुला झाला. नोंदींत १९९ मृत्यु आहेत. रोगानें घरीं जाऊन मेलेले त्यांत नाहींत. व्हिन्चेंझो व्हेला या शिल्पकारानें मेलेल्या सोबत्यास डोलीवरून नेणाऱ्या बोगदेकऱ्यांचें एक शिल्प केलें. तें ब्राँझमध्यें ओतून १९३२ साली ऐरोलो येथें, बोगद्याच्या दक्षिण तोंडाशीं, बसविण्यांत आलें.

याहून करुण प्रसंग लोएच्बर्ग येथें घडला. तेथील बोगदा गास्टर्न दरीच्या खालून नेण्यांत येत होता व दरीखालीं भक्कम खडक लागेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत तेथें प्राचीन हिमनदीनें कोरलेला खोल चर असून तो गाळ, दगड व पाण्यानें भरलेला होता. २४ जुलै १९०८ रोजीं पहांटे सुरुंग उडाला आणि तें सर्व आंत लोटलें. २५ कामगार गडप झाले. देह बाहेर काढणें अशक्य असल्यामुळें त्या भागांत भिंत घालून तो बंद करण्यांत आला व बोगद्यास वळण देऊन दुसरीकडून नेण्यांत आलें. त्यामुळें त्याची लांबी सुमारें १३.७ किलोमीटरांवरून १४.६ किलोमीटर झाली. १९१३ पासून त्या वळणावरून गाड्या धांवूं लागल्या. खिडकीशीं बसलेल्या प्रवाशास तें वळण कां आहे हें कळण्याचें कारण नाहीं. परंतु त्या २५ जणांस तें वळण हेंच स्मारक आहे.

अशा मरणांच्या सावलींत बार्बरेच्या उपासनेचे रिवाज दृढ झाले. काम सुरू करण्यापूर्वीं धर्मगुरु येऊन मूर्तीस व कामगारांस आशीर्वाद देतात, मग ती मूर्ति कोनाड्यांत बसवितात व तिच्यापुढें दिवा ठेवितात. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत बोगद्यास एक धर्ममाता नेमण्याची पद्धति आहे. ती स्त्री संत बार्बरेची पृथ्वीवरील प्रतिनिधि मानली जाते व काम चालू असेपर्यंत बोगद्यास कित्येकदां तिचेंच नांव असतें. ४ डिसेंबरच्या दिवशीं यंत्रें थांबतात. बोगद्यांतच वेदी मांडून मिस्सा होते, वर्षभरांत मेलेल्यांचीं नांवें घेतलीं जातात आणि नंतर अभियंता व मजूर एका पंक्तीस जेवतात. घरोघर त्याच दिवशीं चेरीची फांदी तोडून पाण्यांत ठेवितात, ती नाताळास फुलते. कैदखान्याकडे जातांना बार्बरेच्या वस्त्रांत अशी फांदी अडकली होती असें सांगतात. गंमत अशी कीं, पूर्वीं बोगद्यांत स्त्रीनें पाऊल टाकल्यास अपघात होतो असा कामगारांचा समज होता. जिवंत स्त्रीस मज्जाव करणारे तेच लोक एका स्त्रीची मूर्ति सर्वांपुढें नेत असत! आतां स्त्रिया अभियंता म्हणून आंत काम करतात व तो समज मागें पडत आहे. त्यास धर्मानें कधींच आधार दिला नव्हता.

यंत्रें सुधारलीं तरी ही चाल सुटली नाहीं. गोत्थार्डखालून ५७ किलोमीटरांचा नवा बोगदा काढण्यांत आला, तो आगगाडीचा जगांतील सर्वांत लांब बोगदा होय. १५ ऑक्टोबर २०१० रोजीं शेवटचा खडक फुटला, तेव्हां त्या भगदाडांतून संत बार्बरेची मूर्ति पलीकडे नेण्यांत आली. १ जून २०१६ रोजीं बोगद्याचें उद्घाटन झालें, त्या वेळीं ख्रिस्ती, यहुदी व मुसलमान धर्मगुरूंनीं प्रार्थना केली. या कामांत नऊ जणांनीं प्राण गमाविले व त्यांचें स्मरण तेथें केलें गेलें. पहिल्या बोगद्याहून जवळजवळ चौपट लांबीच्या या कामांत मृत्यु एवढे कमी झाले, याचें श्रेय खेळती हवा, खडकाची आगाऊ परीक्षा, चांगलें औषधपाणी आणि कडक नियम यांस आहे, हें मान्य केलेंच पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, मग मूर्तीचें काम काय उरलें? या प्रश्नास बार्बरेच्या चरित्रांतच उत्तर आहे. खडकानें तिला वाट दिली खरी, पण तरवार चुकली नाहीं. वीज पडली ती मागाहून. तिच्यानें मुलीचे प्राण वांचले नाहींत. म्हणून जो बार्बरेकडे ताईत म्हणून पाहतो त्यानें तिची कथा अर्धीच ऐकिली आहे. तिच्या आश्रयाचा अर्थ असा कीं, अंधारांत मरणारा एकटा मरत नाहीं, तयारीवांचून मरत नाहीं व विसरला जात नाहीं. जो कामगार सकाळीं तिच्यापुढें टोपी काढतो तो त्या क्षणीं आपला आत्मा देवाच्या हातीं देऊन आंत जातो. आणि जो मालक तीच मूर्ति पाहून आंत जातो, त्यास तिनें दुसरी गोष्ट आठवून दिली पाहिजे : आधाराचे खांब, हवा, पाणी व मजुरी यांत कसूर करून मग मूर्तीपुढें दिवा लावणें ही भक्ति नव्हे. तिच्या बापानेंहि मुलीसाठीं मनोरा व स्नानगृह बांधण्यांत खर्चाची कसूर केली नव्हती!

आपल्या देशांतहि डोंगराच्या दारांत देवाचें नांव घेण्याची रीत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत उत्तराखंडांतील सिल्क्यारा येथें रस्त्याच्या बोगद्यांत ४१ मजूर १७ दिवस अडकले होते. त्या वेळीं बोगद्याच्या तोंडाशीं बाबा बौखनागाचें लहानसें देऊळ मांडलेलें होतें, व साहाय्यास आलेला परदेशी तज्ज्ञहि तेथें गुडघे टेकून प्रार्थना करीत असे. सर्व ४१ जण सुखरूप बाहेर आले. मुंबईच्या भुयारी रेल्वेसाठीं खोदकाम झालें, तेव्हां यंत्रांस वैतरणा, गोदावरी, तापी अशा नद्यांचीं नांवें देण्यांत आलीं. जमिनीखालीं जातांना माणसास आईचें नांव जवळचें वाटतें, असेंच म्हणावें लागेल.

आणि शेवटीं आपल्या अगदीं दारांतील गोष्ट. मुंबईहून पुण्यास जातांना बोरघाटांतील बोगदे आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिले आहेत. तो मार्ग १८५६ ते १८६३ या सात वर्षांत तयार झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा येथें येऊन थोड्याच महिन्यांत, १८५९ साली, वारला, आणि त्याची विधवा अ‍ॅलिस हिनें अभियंत्यांच्या साहाय्यानें तें काम तडीस नेलें. पटकी व ताप यांनीं, कडे कोसळून व सुरुंगांनीं, हजारों मजूर त्या घाटांत मेले. गोत्थार्डच्या १९९ जणांची निदान यादी आहे. लोएच्बर्गच्या २५ जणांस एक वळण आहे. घाटांतील आमच्या मजुरांस काय आहे? ज्या अनाम कुमारींचा उल्लेख आम्हीं वर केला, त्यांच्याचसारखे तेहि देवासच ठाऊक आहेत.

धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिली हा जसा उपकारस्मरणाचा काळ आहे तसा ऋण फेडण्याचाहि आहे. पुढच्या वेळीं गाडी घाटांत शिरेल, डब्यांत काळोख होईल व मुलें आनंदानें ओरडतील, तेव्हां त्या अर्ध्या मिनिटांत एक आमच्या स्वर्गांतील बापा व एक नमो मरिये त्या मृतांसाठीं म्हणावी, आणि मुलांसहि सांगावें कीं, हा काळोख कोणीतरी आपल्यासाठीं फोडला आहे. संत बार्बरेनें भिंतींत तिसरी खिडकी पाडली ती प्रकाशासाठीं. डोंगरांत ज्यांनीं वाट पाडली त्यांच्यावर त्याच अखंड प्रकाशाची कृपा होवो, आणि आम्हां सर्वांस मरणाच्या घडीं ख्रिस्तशरीराची शिदोरी लाभो, एवढीच तिच्याद्वारें प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतों.